‘पासवर्ड घेत नाहीये’: घरून कंपनीचा मेल अडतो तेव्हा

‘सर, पासवर्ड घेतच नाहीये.’ भोसरीपासून चाकणपर्यंतच्या लहान कंपन्यांचे संगणक सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला रात्री नऊनंतर येणारा फोन बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतो. फोन करणारी व्यक्ती मोशीत, रहाटणीत नाहीतर पिंपळे सौदागरला आपल्या घरी असते. जेवणाचं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडलेला असतो, आणि सकाळच्या पाळीत कुठला माल किती पाठवायचा त्याचं शेड्यूल कंपनीच्या मेलमध्ये अडकलेलं असतं. तोवर पासवर्ड सात-आठ वेळा टाकून झालेला असतो. एकदा हळूहळू, एकदा बटणं जोरात दाबून.

पुढचा अर्धा त्रास त्या सात-आठ वेळांनीच उभा केलेला असतो. बहुतेक ठिकाणी सर्व्हरला सांगून ठेवलेलं असतं, की लागोपाठ पाच किंवा दहा प्रयत्न चुकले की खातं काही मिनिटांसाठी बंद करायचं. मग बरोबर पासवर्ड टाकला तरी नकारच येतो, आणि पडद्यावरचे शब्द पुष्कळदा तेच राहतात. म्हणून दोनदा नाकारला की हात आवरा. तिसऱ्यांदा टाकण्याआधी नोटपॅड उघडा, पासवर्ड तिथे टाइप करून डोळ्यांनी बघा, आणि सेव्ह न करता पुसून टाका.

हे सांगण्यामागे आपल्याकडचं एक खास कारण आहे. नोटीस बोर्डासाठी किंवा ग्रामपंचायतीच्या पत्रासाठी दुपारी कीबोर्ड मराठीवर नेलेला असतो आणि तो तसाच राहतो. पासवर्डच्या चौकोनात तर नुसते ठिपके उमटतात, अक्षर कुठल्या लिपीत पडतंय ते दिसत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते, चुकून दाबलं गेलं तरी बदलते. कॅप्स लॉकवर सगळ्यांचा संशय असतो, या बिचाऱ्या स्पेसबारवर कोणाचाच नसतो.

घरून कंपनीचा मेल उघडायचा तर वाटेत तीन दारं लागतात. पहिलं लॅपटॉपचं, म्हणजे विंडोज सुरू करताना टाकता तो पासवर्ड. दुसरं व्हीपीएनचं. घरापासून कंपनीच्या फायरवॉलपर्यंत सार्वजनिक इंटरनेटच्या आतून काढलेली ही एक बंदिस्त वाट, तिच्यातून काय चाललंय ते बाहेरच्याला वाचता येत नाही. तिसरं खुद्द मेलचं. काही कंपन्यांत तिन्ही दारांना एकच किल्ली चालते, काही ठिकाणी तीन वेगळ्या लागतात. फोनवर मात्र सगळे ‘मेल चालत नाही’ असंच सांगतात आणि मेलचा पासवर्ड बदलून मागतात. अडलेलं असतं दुसरंच दार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

कुठलं दार अडलंय ते ओळखायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. व्हीपीएनच्या खिडकीत ‘कनेक्टेड’ आलंय का ते बघा. आलं नसेल तर मेलचा विचारही करू नका, आउटलुक बंद करून ठेवा. आलं असेल तर कंपनीतली दुसरी एखादी गोष्ट उघडून बघा: टॅली, ईआरपी किंवा शेअर केलेलं फोल्डर. ते उघडलं आणि मेल उघडला नाही, तर भानगड फक्त मेलची आहे. काहीच उघडलं नाही, तर वाट नावापुरती जोडली गेलीय, तिच्यातून पलीकडे काही जात नाहीये. ही दोन मिनिटांची तपासणी करून ज्याने फोन केला, त्याचं काम माझ्याकडून नेहमीच लवकर झालंय.

गुरुवारची गंमत

या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि महावितरणची देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. मेल अडण्याचं आमच्या भागातलं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, सकाळी वीज गेली. सर्व्हरखालचा यूपीएस अर्धा-पाऊण तास तग धरून मान टाकतो. कंपनीत माणूस नाही, त्यामुळे जनरेटर लावायला कोणी नाही. दुपारनंतर वीज येते. फायरवॉलचा डबा वीज आली की आपोआप चालू होतो. सर्व्हरचं तसं असेलच असं नाही. ‘वीज परत आली की स्वतःहून सुरू हो’ असं त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, सांगून ठेवलं नसेल, तर कोणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत तो निपचित पडून राहतो. आता घरून काय दिसतं बघा. फायरवॉल जिवंत आहे, त्यामुळे व्हीपीएन हाकेला ओ देतं, नाव आणि पासवर्ड विचारतं. पण तो पासवर्ड बरोबर की चूक हे ज्या सर्व्हरला विचारायचं, तोच झोपलेला. उत्तर न आल्यामुळे फायरवॉल सरळ नकार देते, आणि घरी बसलेल्याला वाटतं आपणच विसरलो.

म्हणून गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी पहाटे लॉगिन अडलं, तर स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेण्याआधी गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना फोन करून विचारा: लाइट कधी गेली होती, कधी आली? मग एखाद्या सहकाऱ्याला विचारा, तुझं चालतंय का? दोघांचंही अडलेलं असेल तर तुमच्या लॅपटॉपमध्ये बोटं घालण्यात अर्थ नाही. कंपनीच्या मालकांनाही एक विनंती आहे. सर्व्हरचं ते बायोसमधलं सेटिंग एकदा लावून घ्या, आणि फायरवॉलला व इंटरनेटच्या डब्याला सर्व्हरबरोबर यूपीएसवर आणा. मी अशी शेड पाहिलीय जिथे सर्व्हरला मोठा यूपीएस होता आणि इंटरनेटचा डबा मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर, कूलरच्या शेजारी.

पलीकडचाच आजारी असणं हे फक्त शेडमधल्या सर्व्हरच्या नशिबी असतं असंही नाही. १४ डिसेंबर २०२० ला भारतात संध्याकाळ असताना गूगलची ओळख पटवणारी यंत्रणाच सुमारे पाऊण तास ठप्प झाली. जगभरात जीमेल उघडेना, कारण खातेदारांची ओळख सांभाळणाऱ्या व्यवस्थेला आतून दिलेली साठवणुकीची मर्यादा चुकीने कमी केली गेली होती. कोणाचाही पासवर्ड चुकला नव्हता. २५ जानेवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्कमधल्या एका बदलाने आउटलुक आणि टीम्सची हीच गत केली, भारतात ती भर दुपारची कामाची वेळ होती. अशा दिवशी घाबरून पासवर्ड बदलायला जाणाऱ्याची नवीनच अडचण होऊन बसते.

जुनी किल्ली कुठे राहिली?

दुसरी वारंवार दिसणारी भानगड पासवर्ड बदलल्यानंतरची. नव्वद दिवस झाले, मुदत संपली, तुम्ही घरूनच वेबवर जाऊन नवीन पासवर्ड ठेवला. मेल सर्व्हरला तो कळला. लॅपटॉपला कळलाच नाही, कारण तो कंपनीच्या नेटवर्कपासून दूर आहे आणि शेवटचा ठाऊक असलेला पासवर्ड मनात धरून बसलाय. आता विंडोज जुन्या पासवर्डने उघडतं आणि व्हीपीएन नवीन मागतं. आउटलुक जुना आपणच पुढे करतं आणि नाकारलं गेलं की तुमच्या तोंडावर खिडकी आपटतं.

यावर सोपा उपाय आहे. नवीन पासवर्ड टाकून आधी व्हीपीएन जोडा. ते जोडलेलं असतानाच विंडोजचं बटण आणि ‘एल’ दाबून स्क्रीन लॉक करा, आणि नवीन पासवर्ड टाकून उघडा. मधल्या काळात लॅपटॉपने सर्व्हरला विचारून स्वतःची आठवण सुधारून घेतलेली असते. मग कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन आउटलुकच्या नावाने साठवलेल्या जुन्या नोंदी काढून टाका. इथून पुढे पासवर्ड बदलायचा झाला तर आधी व्हीपीएन जोडा, मग कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं दाबून तिथूनच बदला, म्हणजे दोन्हीकडे एकदमच कळतो.

एवढं करूनही खातं दर अर्ध्या तासाने बंद पडतंय? मग घरातल्या दुसऱ्या यंत्रांकडे बघा. एका डिस्पॅचवाल्या ताईंचं खातं तीन दिवस सारखं बंद पडत होतं. आम्ही लॅपटॉप धुऊन काढला, विंडोज नव्याने घातलं, काही फरक नाही. शेवटी सापडला तो त्यांचा जुना मोबाइल. मुलाला कार्टून बघायला दिलेला. त्यात कंपनीचा मेल लावलेला होता आणि तो इमाने इतबारे दर पंधरा मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावत होता. तेव्हापासून पासवर्ड बदलला की मी पहिला प्रश्न विचारतो, मेल आणखी कुठल्या फोनमध्ये आहे?

जुन्या सॉफ्टवेअरचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तुमचा मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल आणि लॅपटॉपमध्ये आउटलुक २०१० असेल, तर ते पासवर्ड मागतच राहील, कितीही वेळा बरोबर टाका. नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन आत जाण्याची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत आणली, आणि नवीन पद्धत आउटलुक २०१० ला समजत नाही. इथे दुरुस्ती नाही, नवीन आवृत्ती घ्यावी लागते. तोवर ब्राउझरमधून मेल बघा.

घरचा पत्ता आणि कंपनीचा पत्ता

व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतं आणि तरी आतलं काहीच उघडत नाही, याचं एक कारण ऐकून लोक चक्रावतात. खासगी नेटवर्कसाठी १९९० च्या दशकात संगणकांच्या पत्त्यांचे काही गट राखून ठेवले गेले. त्यातला १९२.१६८ ने सुरू होणारा गट घरोघरच्या राउटरमध्ये कारखान्यातूनच भरून येतो. आता ज्याने कंपनीचं नेटवर्क पहिल्यांदा उभं केलं त्यानेही तोच ठेवला असेल, तर घरीही १९२.१६८.१ आणि कंपनीतही १९२.१६८.१. मेल सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० असेल तर लॅपटॉप म्हणतो, हा तर इथलाच, माझ्याच घरातला. आणि तो सर्व्हर तुमच्या हॉलमध्ये शोधत बसतो, टीव्ही आणि वायफायवाल्या सीसीटीव्हीच्या गर्दीत.

घरच्या राउटरमध्ये जाऊन तिसरा आकडा बदलला, १ च्या जागी ५७ किंवा ८३ असा कोणाच्या डोक्यात न येणारा ठेवला, की प्रश्न मिटतो. राउटर तुमच्या केबलवाल्याने बसवला असेल तर त्याच्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. खरं तर हे कंपनीने करायला हवं. पण तिथे प्रिंटर, हजेरीचं यंत्र, सीएनसीला जोडलेले पीसी अशा सगळ्यांचे पत्ते बदलावे लागतात, म्हणून ते काम ‘दिवाळीच्या सुट्टीत करू’ म्हणत वर्षानुवर्षं पुढे जातं. दोष आम्हा लोकांचाच आहे.

घरच्या इंटरनेटवर संशय असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर सगळं सुरळीत चाललं, तर घरचं इंटरनेट किंवा राउटर दोषी आहे, हे पक्कं. पण हॉटस्पॉटवरही नाही चाललं म्हणून राउटर निर्दोष ठरत नाही, कारण काही जुन्या पद्धतीची व्हीपीएन मोबाइल नेटवर्कवर नीट चालत नाहीत. नवीन फोनमध्ये तर ती लावायची सोयच नसते. पीपीटीपी नावाची पद्धत ॲपलने २०१६ मध्येच काढून टाकली, आणि अँड्रॉइड १२ सह बाजारात आलेल्या फोनमध्ये ती नव्याने लावता येत नाही. दसऱ्याला नवीन फोन घेतला आणि व्हीपीएनचा पर्यायच सापडेना, तर फोन बिघडलेला नाही. कंपनीची पद्धत म्हातारी झालीय.

कधी छोटे मेल येतात आणि ड्रॉइंग जोडलेला मेल अर्ध्यावर लटकतो. व्हीपीएन माहितीच्या प्रत्येक पाकिटावर आपलं एक वेष्टण चढवतं, पाकीट फुगतं आणि वाटेतल्या एखाद्या अरुंद जागी अडकतं. पाकिटाचं माप साधारण १५०० बाइटचं असतं, ते व्हीपीएनसाठी १४०० च्या आसपास आणलं की गाडी सुटते. हे सेटिंग आयटीवाल्याकडून करून घ्या, त्याला फक्त ‘लहान येतात, मोठे अडकतात’ एवढं सांगा, तो समजून जाईल.

ओटीपी आणि गेटवरचा लॉकर

चाकणच्या काही कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, तो गेटवर जमा करावा लागतो. दुसरीकडे त्याच कंपनीच्या मेलला आता फोनवर मान्यता द्यावी लागते. माणूस लाइनवर, फोन लॉकरमध्ये, आणि लॅपटॉप म्हणतोय फोनवरचा आकडा टाका. अशा ठिकाणी काम असेल तर कंपनीकडे छोटी हार्डवेअर किल्ली मागून घ्या, लॅपटॉपला लावायची असते, कॅमेरा नसतो. आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यातलं हा आकडा दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप नवीन फोनवर हलवा. दुकानातून परत आल्यावर नव्हे, निघण्याआधी.

ऑथेंटिकेटरचा आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो घड्याळावरून काढलेला असतो. फोनचं घड्याळ हाताने पुढे-मागे केलेलं असेल तर आकडा चुकीचाच येणार. लॅपटॉपचीही तीच कथा. तारीख मागे गेलेली असेल तर सुरक्षेची प्रमाणपत्रं अवैध दिसतात आणि व्हीपीएन जोडलंच जात नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये हे वारंवार घडत असेल तर आतला सीआर २०३२ चा गोल सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

जर्मन किंवा इतर परदेशी कंपनीत असाल तर आणखी एक वेगळीच अडचण येते. लॅपटॉप व्हीपीएनमधून युरोपात बाहेर पडतो आणि फोन चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेला. मेलच्या पहारेकऱ्याला वाटतं, हा माणूस पाच मिनिटांत फ्रँकफर्टला कसा पोहोचला? तो खातं अडवतो. अशा वेळी फोनवरचा मेल थोडा वेळ बंद ठेवा आणि हेल्पडेस्कला कळवा. जर्मनीतले सकाळचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा, हे ध्यानात ठेवून वाट बघा.

आयटीवाल्याला काय पाठवायचं? पडद्याचा फोटो, किती वाजता अडलं ती वेळ, घरचं वायफाय होतं की हॉटस्पॉट, दुसऱ्याचं चालतंय का, आणि काल-परवा काय बदललं. पासवर्ड पाठवायचा नाही, मला सुद्धा नाही. कामाच्या आयटीवाल्याला तो लागतही नाही. तुमचा मेल अडलेला असतानाच नेमका ‘तुमचं खातं बंद होतंय, इथे क्लिक करा’ असा मेसेज आला तर तो योगायोग समजू नका आणि क्लिकही करू नका. केलंच असेल, पासवर्ड देऊन बसला असाल, तर लपवू नका. अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि तुम्ही सकाळी सांगू म्हणालात की ते सहा तास झोपेतच जाऊ शकतात. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा.

एवढं सगळं असलं तरी रात्री फोन आला की माझा पहिला प्रश्न पासवर्डचा नसतो. गाडी थांबलीय का, हे मी आधी विचारतो. माल भरून टेम्पो गेटवर उभा असेल तर मेल नंतर बघू. ई-वे बिलाचं सरकारी पोर्टल साध्या इंटरनेटवर उघडतं, त्याला व्हीपीएन लागत नाही. मात्र १ एप्रिल २०२५ पासून तिथेही सगळ्यांनाच ओटीपी लागतो आणि तो नोंदणी केलेल्या मोबाइलवर जातो, म्हणजे बहुतेकदा शेठच्या, त्यामुळे शेठ झोपायच्या आत विचारून घ्या. ग्राहक कंपनीचं व्हेंडर पोर्टलही पुष्कळदा थेट उघडतं, शेड्यूल तिथेच दिसून जातं. ते नाहीच उघडलं तर तिकडच्या माणसाला फोन करून आकडे लिहून घ्या, पण शेड्यूल तुमच्या खासगी जीमेलवर मागवू नका.

जुन्या मोबाइलवाल्या त्या डिस्पॅचच्या ताईंनी त्या तीन दिवसांतल्या एका रात्री हेच केलं होतं. आकडे वहीत उतरवले, बिल काढलं, पावणेअकराला टेम्पो सुटला. मग आम्ही दोघं निवांत शोधत बसलो, दर पंधरा मिनिटांनी दार कोण ठोठावतंय ते.